एक आठवडा पुढचं कॅलेंडर

बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. तुमचं नाव होतं. मी उचलला आणि 'कोरह' म्हणालो. पलीकडे तुम्ही नव्हतात, बाळू होता. तो म्हणाला, "सायेब जेवता जेवता खाली बसलं. आमी गाडीत घालून नेलं. पर न्हाई राहिलं."

दाजी, तुमच्यासाठीचा माझा शेवटचा शब्द तो होता आणि तो बाळूनं ऐकला. कोरह म्हणजे काय, हे त्याला माहीत असायचं कारण नाही. तो निघोज्याचा, तुमच्या हाताखाली शिकलेला. तोरा या आपल्या ज्यूंच्या धर्मग्रंथाचे भाग वर्षभरात वाटून आपण दर शनिवारी एक वाचतो, त्या भागाला पाराशा म्हणतात, आणि दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत त्याचे साहेब आपल्या मेव्हण्याला फोन करून फक्त तेवढंच विचारतात, हे त्याला कोण सांगणार? "काय ग्रंथपाल, या आठवड्याला काय?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून नाव सांगायचो. तुम्ही "बरं" म्हणायचात. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये चाकण ते चिंचवड या दीड तासात, तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून, तुम्ही त्याचं गाणं करायचात. गुरुवारी तुमची साप्ताहिक सुट्टी. संध्याकाळी सहाला पोरं ते शिकायला यायची.

लोक आता म्हणतात, किती शांतपणे गेला माणूस. मला त्या शांततेचा राग येतो. महिनाभर तुम्ही जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबत होतात आणि कुणी बघितलं की बुटाची नाडी बांधायला वाकत होतात. तुमच्या बुटाला नाडी नव्हती. हे मला परवा, दाराबाहेरचे तुमचे बूट उचलून ठेवताना कळलं.

आयुष्यभर तुम्ही ब्रेकचे ड्रम तपासलेत. बाळू सांगत होता, नवीन यंत्रं आली तरी साहेब हातोडीनं एक टिचकी मारायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. "खणकन वाजला तर पास. बद्द वाजला तर तडा. यंतर नंतर सांगायचं, सायेब आदी." पोरांनाही तुम्ही तसंच तपासायचात. एखादा शब्द कुणी नुसता तोंडानं म्हटला की पेटी थांबायची. "नोआ, हे बद्द वाजलं. काय झालं, शाळेत भांडण?" आणि खरंच भांडण झालेलं असायचं. दुसऱ्याच्या लोखंडातला तडा ओळखणाऱ्या माणसानं स्वतःवर एकदाही टिचकी मारून बघू नये?

पण माझा खरा राग या गोष्टीचा नाही. तो दोन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारचा आहे, आणि तो तुमच्यासमोर बोलायचा राहिला. म्हणून आता लिहितो.

तुम्हाला सगळं माहीत आहे. तरी पहिल्यापासून सांगतो, कारण आजवर मी हे कुणालाच पहिल्यापासून सांगितलेलं नाही.

पेसाहचा सण आपण इस्राएलबाहेरचे लोक आठ दिवस पाळतो, तिकडे सात. एखाद्या वर्षी तो आठवा दिवस शनिवारी येतो. मग तिकडचे लोक त्या शनिवारी पुढचा पाराशा वाचून मोकळे होतात आणि आपण सणाचं वाचत बसतो. तिथून कित्येक आठवडे ते एक पाऊल पुढे, आपण एक पाऊल मागे. पुढे आपण दोन पाराशा एकाच शनिवारी वाचतो, तेव्हा कुठे बरोबरी होते. हे दर वर्षी होत नाही, म्हणून कुणाच्या डोक्यात राहत नाही. माझ्या डोक्यात राहायला हवं होतं. मी ते वाचलेलं होतं. कुठल्या पुस्तकात, डाव्या पानावर की उजव्या, हेही मला आठवतं.

त्या वर्षी इस्राएलमधल्या लोदच्या चुलतबहिणीनं मला तिकडचं कॅलेंडर पाठवलं. गुळगुळीत कागद, दर महिन्याला समुद्राचं एक चित्र. आपल्या सिनेगॉगचं कॅलेंडर बारीक अक्षराचं, पातळ कागदाचं. मी ते काढून हे लावलं. एवढंच. चित्रं चांगली होती म्हणून.

तुम्हाला कळलं नाही, कारण शनिवारी तुम्ही कंपनीत असायचात. पोरांना कळलं नाही, कारण देहूरोड, मोशी, पिंपळे सौदागर इथून दर शनिवारी पुण्याला सिनेगॉगमध्ये कोण जातं? आपण सणासुदीला जाणारी माणसं. गुरुवारी तुमच्या हॉलमध्ये जे गायलं जायचं तोच आमचा पाराशा. सगळा विश्वास तुमच्या पेटीवर, आणि पेटीचा विश्वास माझ्या भिंतीवर.

आणि त्यात योएलचं बार मित्स्वा आलं, तेराव्या वर्षी मुलानं सिनेगॉगमध्ये पहिल्यांदा तोरातला भाग वाचायचा तो दिवस. देहूरोडचा योएल, वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत, पोरगा बुजरा, बोलताना अडखळणारा. पण गाताना एकदाही अडखळायचा नाही. हे शोधलंत तुम्ही. त्या शनिवारची तारीख तुम्ही मला सांगितलीत, मी कॅलेंडर बघून 'शेलह' म्हणालो. मोशेनं कनान देश बघायला बारा हेर पाठवले, त्याची गोष्ट. तुम्ही नेहमीप्रमाणे आधी मराठी गाणं बांधलंत, गोष्ट पोरांच्या अंगात भिनावी म्हणून:

बारा गेले, बारा आले,
दहा म्हणाले, "नको रे बाबा!
ते राक्षस, आम्ही नाकतोडे,
घरीच बरा आपला ताबा."

मी म्हणालो होतो, ताबा हा शब्द इथे बसत नाही. तुम्ही म्हणालात, "मेव्हणे, पोरांना बसलाय." आणि मग त्या गाण्याचं बोट धरून हिब्रू, सिनेगॉगच्या परंपरेतल्या चालीवर, ओळीमागून ओळ, तीन महिने. डब्याच्या झाकणावर ठेका धरून. योएल डोळे मिटून म्हणायचा. तुम्ही त्याला एकच नियम घातला होता: "कुणी खोकलं, हसलं, छत कोसळलं तरी थांबायचं नाही. थांबलास की अडखळशील."

त्या शनिवारी तुम्ही रजा घेतली होती. इस्त्रीचा सदरा. योएलच्या आईनं मालिद्याची ताटं मांडून ठेवली होती, गोड पोह्यांवर केळी, खजूर, सगळं. प्रार्थना चालवणारे हज्जान त्याच महिन्यात नवीन आले होते, मुलाला त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. तोराची गुंडाळी उघडली, ओळ दाखवायचा चांदीचा हात मजकुरावर ठेवला. योएलनं डोळे मिटले आणि सुरू केलं.

हज्जान हळूच म्हणाले, "बाळा, हे नाही." तो थांबला नाही. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, "बाळा, आज दिव्यांचं आहे, हेरांचं पुढच्या शनिवारी." तो थांबला नाही. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. तो थांबला नाही, दाजी. शेवटी वडिलांनी दंड धरून त्याला खाली आणलं. तेव्हाही त्याचे ओठ हलत होते.

आणि मग अंगणात एझ्राभाऊ, समितीचे सेक्रेटरी. "हे काम कुणाचं?"

मी तीन पावलांवर होतो. माझ्या हातात पुस्तक होतं. मी तोंड उघडलं होतं. हे तुम्ही बघितलंत, म्हणूनच तुम्ही घाई केलीत.

"माझं," तुम्ही म्हणालात. "आठवडा मोजायला चुकलो."

"चुकणारच. गाण्याबजावण्यानं शिकवलं की हेच होतं. पोपट तयार होतात. समोर दिवे लिहिलेत आणि पोरगा हेर गातोय!"

तुम्ही म्हणालात, "खरं आहे."

खरं आहे? दाजी, कुठे खरं होतं? योएलला वाचता येत होतं. मी स्वतः त्याच्याकडून वाचून घेतलं होतं. तो घाबरला होता आणि घाबरलेल्या माणसानं जे घट्ट धरायचं ते त्यानं धरलं. चूक गाण्याची नव्हती, समुद्राच्या चित्रांची होती. पण 'खरं आहे' या दोन शब्दांनी तुम्ही चूक स्वतःवर घेतलीत असं तुम्हाला वाटलं. तुम्ही ती गाण्यावर घातलीत. पुढच्याच सभेत ठरलं की बार मित्स्वाची मुलं रविवारी हज्जानांकडे जातील, पेटी नाही, डबा नाही. तुमच्याकडे अकरा मुलं येत होती. चार उरली. योएलच्या आईनं तुमचा नंबर काढून टाकला.

परत येताना मी तुमच्या स्कूटरवर मागे होतो. दापोडीच्या सिग्नलला मी म्हणालो, "दाजी, कॅलेंडर माझं होतं."

"माहीत आहे."

"मग तुम्ही कशाला..."

"हेल्मेटचा पट्टा लावा. पुढे पोलीस आहे."

घराखाली गाडी स्टँडवर लावून तुम्ही माझ्याकडे न बघता बोललात. "ऐका मेव्हणे. गाणारा माणूस चुकला तर लोकांना चालतं, गाणारेच ते. वाचणारा चुकला की त्याचं पुढचं काहीच कुणी ऐकत नाही. पाराशाचा अर्थ पोरांना तुम्ही सांगता. तुमच्यावरचा विश्वास गेला तर माझ्या पेटीत नुसती हवा. तेव्हा गप्प बसा."

आणि मी गप्प बसलो. कारण तुमचं म्हणणं पटलं, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. पटलं नव्हतं, सोयीचं होतं. पण ती सोय मला तुम्ही करून दिलीत. मी मागितली नव्हती. माझं तोंड उघडलेलं होतं! अर्ध्या सेकंदाचा प्रश्न होता, तेवढा तरी मला द्यायचा. तुम्हाला मोठं व्हायची एवढी काय घाई झाली होती?

त्यानंतर दर बुधवारी तुमचा फोन. "काय ग्रंथपाल, या आठवड्याला काय?" त्याच आवाजात. टोमणा नाही, सूचना नाही, "नीट बघून सांगा हं" नाही. एकदा तरी म्हणायला हवं होतं. मी आता बारीक अक्षराचं कॅलेंडर बघायचो, दोनदा बघायचो, आणि मगच नाव सांगायचो. तुम्ही "बरं" म्हणायचात. तुमच्या त्या "बरं"चा मला इतका राग यायचा की फोन ठेवल्यावर मी ग्रंथालयातली खुर्ची लाथेनं सरकवायचो.

फक्त एकदा, वर्षभरानंतर, चहा पिताना तुम्ही म्हणालात, "हल्ली तुम्ही बद्द वाजताय, मेव्हणे."

मी म्हणालो, "सर्दी आहे."

तुम्ही मान तिरकी करून जरा वेळ बघितलंत आणि "हं" म्हणालात. ड्रम नापास झाला तर तुम्ही तो बाजूला काढायचात. खडूनं खूण करायचात. माझ्यावर खूण का नाही केलीत?

आपलं शेवटचं भांडण हुक्कतवरचं. कोरहनंतरचा पाराशा. रानात पाणी नाही, लोक ओरडतायत. देव मोशेला सांगतो, खडकाशी बोल. मोशे चिडतो आणि काठीनं दोनदा खडकाला मारतो. पाणी येतं. आणि त्या एका चुकीसाठी देव सांगतो, तू त्या देशात पाऊल ठेवणार नाहीस. चाळीस वर्षं रान तुडवलेल्या माणसाला. तुमचं गाणं पाण्यापाशी थांबायचं. "प्या रे प्या, आधी गुरांना पाजा," आणि झाकणावर थाप, संपलं. मी गेल्या वर्षी म्हणालो, हे अर्धं आहे. शिक्षा गाण्यात आलीच पाहिजे. तुम्ही पोरांशी खोटं बोलताय.

"खोटं कुठे? पाणी आलं ना?"

"पण चुकीचं काय?"

"पोरं शाळेतून तहानलेली येतात, मेव्हणे. आधी पाणी. चूक तुम्ही वाचून दाखवा, तुम्हाला आवडतं ते."

नोआ खुदकन हसली. मी उठून गेलो. तुम्हाला वाटलं मी शिक्षेसाठी भांडतोय. मला एवढंच हवं होतं की कुणीतरी ती चूक मोठ्यानं म्हणावी.

गुरुवारी सकाळी तुम्हाला पुरलं. संध्याकाळी सहाला दारात चपला वाजल्या. आम्ही जमिनीवर बसलो होतो, आरसा चादरीनं झाकलेला, शेजाऱ्यांनी आणलेली उकडलेली अंडी तशीच. नोआ आणि बाकीची तिघं आत आली. कुणी बोलावलं नव्हतं. नोआ म्हणाली, "गुरुवार आहे ना." ती चौघं पेटीशेजारी नेहमीच्या जागी बसली. सुतकात पेटी उघडायची नाही हे त्यांना ठाऊक होतं. नुसती बसली.

थोड्या वेळानं योएल आला, आईबरोबर. दोन वर्षांत पहिल्यांदा. उंच झालाय, मिसरूड फुटलंय. दाराजवळच उभा राहिला.

एझ्राभाऊही होते. त्यांचा हेतू वाईट नसावा. ताईला म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. एक ती चूक सोडली तर बोट ठेवायला जागा नाही."

तेव्हा मी बोललो. इतक्या मोठ्यानं की शेजारच्या खोलीतला बाळू दारात आला. मी म्हणालो, "ती चूक त्यांची नव्हती. कॅलेंडर मी आणलं. इस्राएलचं. आठवडा मी चुकीचा सांगितला. त्यांनी मी सांगितलं ते शिकवलं, आणि बरोबर शिकवलं. गाण्याचा काही दोष नव्हता. तुम्ही ज्याला पोपट म्हणालात त्याला वाचता येत होतं."

मग एझ्राभाऊ म्हणाले, "जाऊ दे, आता काय त्याचं." मला वाटलं होतं, ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

मी ताईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं बायकांची बोलणी ऐकली मी. हे म्हणायचे, तू बोलू नकोस, तो बोलेल. रोज वाट बघायचे. तुला कुणी अडवलं होतं रे?"

दाजी, तुम्ही वाट बघत होतात? मला गप्प बसायला सांगून तुम्ही माझ्या बोलण्याची वाट बघत होतात? हा कुठला न्याय? हे एक वाक्य तुम्ही मला जिवंतपणी ऐकू दिलं असतं तर मी तुम्हाला शिव्या दिल्या असत्या आणि दुसऱ्याच दिवशी पुण्याला समितीकडे गेलो असतो. कदाचित गेलो असतो. आता तेही मला खात्रीनं म्हणता येत नाही, आणि ही खात्री तुम्ही बरोबर घेऊन गेलात.

योएल अजून दाराशीच होता. आई त्याचा हात ओढत होती, चल म्हणून. त्यानं मला विचारलं, अडखळत, तो बोलताना अडखळतो तसाच, "काका, म... मी बरोबर गायलो होतो ना? चुकीचं होतं ते सोडा. पण गायलो बरोबर?"

मी म्हणालो, "एक अक्षरही चुकलं नव्हतं."

त्यानं मान हलवली. त्याची आई खाली बसली आणि रडायला लागली. तुमच्यासाठी की पोरासाठी, मला सांगता येणार नाही.

बाळूनं जाताना मला कोपऱ्यात गाठलं. "बरं केलं, राव, बोललात ते. सायेब म्हनायचं, तडा लपला तर गाडी घाटात जाती." मग खिशातून कापडात गुंडाळलेली तुमची हातोडी काढून त्यानं ताईजवळ ठेवली. मी समितीला पत्रही लिहिलं आहे, सगळं, पहिल्यापासून. उत्तर आलेलं नाही. येणार नाही बहुतेक. रविवारचा वर्ग आहे तसाच चालू आहे, पेटीशिवाय.

तुमचे आभार मानायचे होते. एवढी पानं झाली, अजून जमलेलं नाही. तुमच्याशिवाय मी पाराशा नुसते वाचले असते. त्यातल्या माणसांना तहान लागते हे मला तुमच्या डब्याच्या झाकणावरून कळलं. एवढं म्हणतो आणि थांबतो, कारण याहून पुढे गेलो की पुन्हा तो "बरं" ऐकू येतो.

ताईकडे तीस दिवस गाणं नाही, म्हणून पुढच्या गुरुवारी मुलं माझ्याकडे आकुर्डीला आली. हुक्कत होता. मला पेटी येत नाही. नोआनं डब्याचं झाकण घेतलं. गाणं पाण्यापाशी थांबलं, तुम्ही थांबवायचात तिथेच. त्यापुढचं मी वाचून दाखवलं.

आता गुरुवारी पाच मुलं येतात. योएल देहूरोडहून बसनं येतो. माझ्या भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत, एक तिकडचं, एक आपलं. पाराशा कुठला ते बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी बघून ठेवतो. विचारणारं कुणी नाही.